चेसीची बावीस भोकं

कप आधी खाली ठेवा. हसताना चहा नाकातून आला तर मला बोल लावू नका. आपल्या अकलेचे दिवे आपण कुठे आणि कसे पाजळले, हे माणसानं स्वतःच सांगितलेलं बरं. नाहीतर आमची बायको भारती सांगणार, आणि ती तिखटमीठ लावल्याशिवाय काही वाढत नाही.

तर आमच्याकडे एक पिकअप आहे. म्हणजे गाडी भारतीची आणि बंदरातली नोकरी संपल्यापासून ड्रायव्हर मी. बिनपगारी! उरणकडच्या धक्क्यावरून ती मासळी उचलते आणि पनवेलच्या बाजारात बसून विकते. मागे मासळीचे ट्रे, ट्रेमध्ये बर्फ. बर्फ वितळला की ते खारट पाणी हौद्याच्या सांध्यांतून झिरपत खाली चेसीवर, म्हणजे गाडीच्या पोकळ लोखंडी सांगाड्यावर. आता लोखंड आणि मीठ यांचं किती जमतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

त्यात आरटीओत गाडीचं पासिंग आलेलं. गंजलेली चेसी साहेबानं बघितली की गाडी जागेवर बाद.

"अवो, गाडी अब्बासभाईला दाकवा," भारतीनं चारदा बजावलं. "पासिंग नाय झालं तं मासली काय डोक्यावर घेऊन येऊ मी उरनवरना?"

अब्बासभाईंचं गॅरेज कोन गावात. माणूस मोजकं बोलतो. हातोडी घेऊन गाडीखाली गेले, टकटक केली, बाहेर आले.

"नाखवा, चेसी अजून जिवंत आहे. गोड्या पाण्यानं धुवून सुकवू. गंज घासून काढतो, प्रायमर मारतो, वर काळं कोटिंग. आतून तेल फवारतो. फक्त खालची भोकं बुजवायची नाहीत."

"भोकं कशाला हवीत?"

"पाणी जायला."

झालं! इथे माझं टाळकं सटकलं. अहो, माझे वडील होड्या बांधायचे. भोक दिसलं की बुजव, हे मला अ आ इ ई यायच्या आधी आलेलं. आणि हा माणूस मला शिकवतो, भोक ठेवा म्हणजे पाणी जाईल! भोकातून पाणी आत येतं की बाहेर जातं? तुम्हीच सांगा.

"अब्बासभाई, बुडाला भोकं असलेल्या होडीत बसाल का तुम्ही?"

"ही होडी कुठाय, नाखवा?"

बघा, समोरच्याला मुद्दा कळत नसला की आपण थोर असल्याची खात्रीच पटते! मी गाडी तशीच घरी आणली.

मग चार दिवस मी अंगणात गाडीखाली. घासली, प्रायमर मारला, काळं कोटिंग दोनदा मारलं. तिथवर सगळं ठीक होतं हो. अब्बासभाईसुद्धा नावं ठेवू शकले नसते. पण मी तिथे थांबतोय कसला! चेसीच्या बुडाची भोकं मोजली. बावीस. एकेका भोकात तेलात भिजवलेला कापूस ठासला, वरून राळेचा लगदा, त्यावर डांबर. अगदी होडीच्या फटी बुजवतात तसं. वडील असते तर त्यांनी पाठ थोपटली असती, असं मला तेव्हा वाटत होतं.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी ब्रेक मारला आणि खालून आवाज आला. खळ्ळ!

"काय वाजलं?" भारती.

"डिझेल. टाकी फुल हाय."

दुसऱ्या दिवशी वळणावर पुन्हा खळ्ळ. मग वास सुरू झाला. आता मासळीच्या गाडीला वास येणारच, नाही का? पण हा वास वेगळा. आठवडाभर झाकून ठेवलेल्या बोंबलाच्या कालवणासारखा. भारतीची नेहमीची गिऱ्हाईकं ट्रेजवळ वाकायची, नाक मुरडायची आणि शेजारणीकडे जायची. माझी बायको वीस वर्षं ताज्या मासळीवर नाव कमावून बसलेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं हो.

"माजं काय चुकतं तेच कलत नाय," ती म्हणाली.

मला फार वाईट वाटलं. म्हणून मी काय केलं? गाडी दिवसातून दोनदा धुवायला लागलो. पाइप लावून, हौद्यात धो धो पाणी सोडून! जितकं धुवावं तितका वास जास्त. आणि गाडी चढावर अशी धापा टाकायला लागली की जणू मागे मासळी नाही, रेती भरलीय.

अशा थाटात आम्ही पासिंगला गेलो. साहेब तरुण, इस्त्रीचा शर्ट, पांढरेशुभ्र बूट. खाली वाकून म्हणाले, "वा, चेसी छान राखलीय."

मी भारतीकडे असं बघितलं, असं बघितलं... जाऊ दे.

साहेबांनी हातोडी घेतली. ठक. ठक. तिसऱ्या ठोक्याला माझा एक बोळा सुटला, आणि आत साठलेलं सगळं पाणी, बोंबील, बांगडा, कोळंबी, जे जे म्हणून आठवडाभर त्या हौद्यातून गेलं त्या सगळ्याचा अर्क, फर्रकन साहेबांच्या बाहीवर आणि बुटांवर!

शहाणा माणूस मागे सरला असता. पण आमचं रक्त होडीवाल्याचं! मी धावलो, गाडीखाली आडवा झालो आणि भोकात बोट घातलं. पाणी थांबलं. मी पण तिथेच थांबलो, कारण बोट काढलं तर पुन्हा धार.

आता मला फक्त पाय दिसत होते. ओले बूट म्हणाले, "हे काय आहे?"

"पाणी, साहेब."

"ते कळलं! वरून, वायरींच्या जागेतून पाणी आत येतं, ते खालून जायला कंपनीनं भोकं ठेवलेली असतात. ही कुठल्या शहाण्यानं बुजवली?"

गाडी बाद झाली असती तर भारतीचा धंदा बसला असता. आणि खरं सांगायचं, माझी अब्रूही गेली असती. गाडीखालून मी बोललो, "एका गॅरेजवाल्यानं, साहेब. मी नको नको म्हणत होतो."

भारतीच्या चपला जागच्या हलल्या नाहीत.

साहेब थोडे निवळले. "नशीब, लोखंड अजून शाबूत आहे. भोकं उघडून, आतून धुवून, सुकवून, तेल मारून आणा. पुढच्या आठवड्यात परत बघतो. पण त्या गॅरेजवाल्याकडे पुन्हा जाऊ नका. जाणत्या माणसाकडे जा. हे काय, अब्बासभाई दुसऱ्या गाडीबरोबर आलेतच. यांच्याकडे द्या."

गाडीशेजारी ग्रीसनं माखलेले आणखी दोन बूट येऊन उभे राहिले. मी बोट आणखी आत खुपसलं.

"करतो की साहेब," अब्बासभाईंचा आवाज अगदी मऊ. "पण भाभी, तो कारागीर कोण ते सांगा ना. कापूस काय ठासलाय! असला उस्ताद जिंदगीत बघितला नाही मी. एकदा भेटायचंय."

"भेटा ना," भारती म्हणाली. "वाका जरासं. हितंच निजलाय उस्ताद, भोकात बोट घालून!"