बारावी थाळी

तुरुंगाच्या दवाखान्यात तिनं एकोणीस वर्षं नर्स म्हणून काढली. नोकरी गेली ती एका ओळीपायी. मार खाऊन आलेल्या कैद्याच्या कागदावर 'जिन्यावरून पडला' असं लिहायचा हुकूम होता. तिनं लिहिलं, 'या इमारतीला जिना नाही.' महिन्याभरात ती घरी बसली. पण त्या ओळीचा शहरभर बोभाटा झाला आणि पुढच्या निवडणुकीत लोकांनी तिला सभागृहात पाठवलं. हाक मात्र सिस्टर अशीच मारत राहिले.

एका दुपारी ट्रकड्रायव्हरची बायको तिच्याकडे आली. संपाच्या सभेत बोलला म्हणून पोलिसांनी नवऱ्याला तीन दिवसांपूर्वी उचललं होतं आणि आता ठाण्यात सगळे कानांवर हात ठेवत होते. सिस्टर तिला घेऊन तशीच निघाली.

इन्स्पेक्टरनं अदबीनं खुर्ची दिली, नोंदवही उघडून दाखवली. कोठडीत अकराजण, त्यात ड्रायव्हर नव्हता. एवढ्यात आचारी जेवण घेऊन आला. अकरा थाळ्या कोठडीत गेल्या. बारावी झाकून तो मागच्या बोळातल्या कुलूपबंद खोलीकडे वळला.

ती कुणाची, असं तिनं विचारलं. शिपायाची, असं उत्तर आलं. शिपाई समोरच बसून घरचा डबा खात होता. त्याचा घास हातातच राहिला.

तोच तिच्या पक्षाच्या अध्यक्षांचा फोन आला. ताबडतोब उठा, नाहीतर पुढच्या वेळी तिकीट विसरा, असं त्यांनी बजावलं. पण आपण उठलो की त्या माणसाला रातोरात भलतीकडे हलवतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं फोन ठेवला आणि कोरा कागद इन्स्पेक्टरपुढे सरकवला.

"मागची खोली रिकामी आहे, एवढंच लिहा. खाली सही करा. मी निघते."

त्यानं पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. ड्रायव्हरच्या बायकोनं सिस्टरचा दंड घट्ट धरला होता. शेवटी मान वर न करता इन्स्पेक्टर शिपायाला म्हणाला, "कुलूप काढ."

ड्रायव्हर भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात कोपरापासून लोंबत होता. सिस्टरनं आधी त्याची नाडी पाहिली, मगच त्याच्या बायकोला आत बोलावलं.

पुढे कोर्टात ड्रायव्हरनं साक्ष दिली, इन्स्पेक्टरची नोकरी गेली. सिस्टरचं तिकीटही गेलं. ती अपक्ष उभी राहिली आणि सपशेल आपटली. ड्रायव्हरचा हात काही पूर्वीसारखा झाला नाही. तो आता ट्रक चालवत नाही, मालधक्क्यावर मुकादम आहे.