साडूंची बुजरी घोडी

घोडीला प्रेशर कुकरची ओळख करून देणारा माणूस अख्ख्या अहमदपूर तालुक्यात एकच, आणि ते म्हणजे आमचे थोरले साडू. एसटीतून निवृत्त झालेले, बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा पुण्याला. गावाबाहेर शेतातल्या दोन खोल्यांत ते एकटेच राहतात. माळेगावच्या जत्रेत एक पांढरी घोडी मनात भरली आणि घेऊन आले. नाव बिजली आणि काळीज चिमणीचं. वाळत घातलेल्या बनियनलासुद्धा ती बुजायची. मुलानं फोनवर बजावलं, “दिवाळीपर्यंत ती शहाणी झाली नाही, तर घोडी विकायची आणि तुम्ही इकडं यायचं.” पुण्याचं नुसतं नाव काढलं तरी साडूंना घाम फुटायचा.

मग त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली. नवी वस्तू आधी चाळीस पावलांवर ठेवायची, आपण तिच्याशेजारी बसून चहा प्यायचा आणि रोज एक पाऊल पुढं सरकायचं. छत्रीलाच सव्वा महिना गेला. भर मे महिन्यात छत्री उघडून ठेवलेली आणि हे शेजारी उन्हात! मी विचारलं तर म्हणाले, “मी हिच्याखाली बसलो तर तिला वाटंल, छत्रीनं मला गिळलं.” पुढं हेल्मेट आलं. साडू हेल्मेट घालून, काच वर करून भाकरी खायचे. मग वरण गोठ्यातच शिजू लागलं. तीन शिट्ट्या झाल्या की बिजली खिंकाळून गॅस बंद करायला सांगते, असं ते शपथेवर सांगत. एका पुढाऱ्याच्या फ्लेक्सपुढं मात्र तिनं हात टेकले. “राहू द्या,” साडू म्हणाले, “ह्याला भ्यालेलंच बरं.”

दसऱ्याला मी बायको, दोन्ही मुली आणि जावई यांना घेऊन सोनं द्यायला गेलो. पाच माणसं हसत-बोलत फाटकातून आत शिरलेली पाहताच बिजलीनं दावं तोडलं आणि थेट तुरीत जाऊन थरथरत उभी राहिली. साडू हातात आपट्याची पानं घेऊन तिच्याकडं बघत राहिले. “समदं दाखवलं हो पाव्हणं,” ते हळूच म्हणाले. “माणसंच दाखवायची राहिली.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी राहतो तीन किलोमीटरवर, पण वर्षभर विचारपूस केली ती कुंपणाबाहेरून, गाडीवरून न उतरता.

“दिवाळीला ईस दिवस हायत,” साडू म्हणाले. “येत जा की. तिच्यासाठी म्हणतो म्या.”

मग आम्ही रोज जाऊ लागलो. आधी फाटकाजवळ बसून चहा, मग आंब्याखाली, मग गोठ्याच्या दारात. दिवाळीला मुलगा बायको-पोरांसह आला, तेव्हा बिजली गाईसारखी शांत उभी होती. त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “ठेवा बाबा.”

भाऊबीज झाली, मुलगा परत गेला. दुसऱ्या दिवशी मी साडूंना म्हणालो, “चला, सरावली तुमची घोडी. आमचं काम संपलं.”

बिजली माझ्या खांद्यावर मान टाकून उभी होती. साडू खाली बघत कपबशी पुसत राहिले.

“न्हाई हो,” ते म्हणाले, “अजून बुजते. उद्या या.”