अंबूबाईचा हात

खोपोलीच्या अलीकडे, लौजीच्या रेल्वे फाटकाजवळ पत्र्याची शेड होती. अंबूबाई रोज सकाळी तिचं कुलूप काढायची, पदर खोचायची आणि भंगाराच्या ढिगाकडे ढुंकूनही न बघता आधी तराजूजवळचं दोन किलोचं माप उजव्या तळहातावर घ्यायची. डोळे मिटून ते जरासं वरखाली करायची. गवयी गाण्याआधी तंबोरा जुळवतो, तशी ती हात जुळवून घ्यायची. मग माप जागेवर ठेवून चहाचा कप उचलायची, आणि तोही आधी तोलायची.

तराजू शेडमध्ये होता तो सरकारी माणसासाठी आणि नवख्या गिऱ्हाइकांसाठी. जुन्यांना अंबूबाईचा हात पुरे. वस्तू उचलली की ती वजन सांगायची, आणि वजनाबरोबर धातूही. हे पितळ, हे कासं, ह्या पितळी मुठीच्या पोटात शिसं भरलंय, घेऊन जा. खोपोलीत कारखाने आले, रस्त्याकडेची भातशेती त्यात गेली, तेव्हा तिच्या नवऱ्याला, नामाला, पुढे काय करावं ते बरीच वर्षं सुचलं नाही. अंबूबाईला मात्र लगेच सुचलं. कारखाने जे टाकतात ते उचलायचं. हात तेव्हापासूनचा. आजूबाजूच्या गावांतल्या बाळंतिणी पोरं आणून तिच्या हातावर ठेवायच्या. फणस घेण्याआधी लोक तिला विचारायचे. एकदा तर सोयरीक जमवायला आलेल्या पाहुण्याने नवऱ्या मुलालाच तिच्यापुढे उभं केलं. ती म्हणाली, "ह्याला उचलायला लागत नाय. दिसतंय."

मग त्या नळ्या आल्या.

खोपोलीच्या एका रसायनाच्या कारखान्याने जुनं यंत्र मोडून काढलं, आणि त्याच्या पोटातल्या बारीक राखाडी नळ्यांचा भारा अंबूबाईकडे आला. बरोबर एक झाकण होतं, घमेल्यापेक्षा मोठं, घंगाळासारखं गोल आणि खोल. वर्षानुवर्षं आम्लात राहूनही त्याच्यावर एक डाग नव्हता. अंबूबाईने एक नळी उचलली. ठेवली. पुन्हा उचलली. लोखंड म्हणावं तर फार हलकी, आणि ज्या ॲल्युमिनियमला आपल्याकडे सगळे जर्मन म्हणतात, ते म्हणावं तर जड. तिचा हात आयुष्यात पहिल्यांदा मध्येच अडकला. गिऱ्हाइकं बघत होती.

"भारी जर्मन हाय," तिने सांगून टाकलं.

त्यातल्या थोड्या नळ्या तिने नागू ओताऱ्याला दिल्या. नागू जर्मन वितळवून पळ्या आणि झारे ओतायचा आणि कर्जतच्या बाजारात विकायचा. पुढच्या बाजाराआधीच तो नळ्यांचं पोतं घेऊन परत आला, आणि शेडच्या दारातूनच ओरडला, "बाय, काय दिलंस गं मला हे?"

"जर्मन. का रं?"

"जर्मन? पोतंभर कोळसा खाल्लान ह्यानं! भाता मारून मारून माजे खांदे वितळायची येळ आली, पन ह्याला घाम नाय. माज्या बायकोवानी हाय. तापते, रंग बदलते, पन मऊ व्हायाचं नाव नाय."

पोत्यातून नळ्या ओतल्या तेव्हा सगळेच पुढे वाकले. राखाडी नळ्या नटून आल्या होत्या. कुठे सोनेरी, कुठे जांभळ्या, टोकाकडे मोराच्या मानेसारख्या निळ्या. पण त्या सुंदर दिसत होत्या हे कोणी बोललं नाही. बोलले ते दुसरंच. अंबूबाईचा हात चुकला. नागूने ही बातमी झाऱ्यांबरोबर कर्जतपर्यंत विकली.

अंबूबाईने नळ्या परसात नेल्या आणि तोंडलीच्या मांडवाला लावल्या. झाकण मात्र ठेवून दिलं. तिची पारू लग्नाची होती, आणि पारूला चिंच घेऊन पितळ घासायचा जन्माचा कंटाळा. ह्या घंगाळाला कधी चिंच लागणार नाही, आणि भरलं तरी पोरीची कंबर मोडणार नाही. कड्या नव्हत्या, पण काठ असा होता की बोटं आपसूक अडकावीत. शिवाय, खरं सांगायचं तर, अंबूबाईला हट्ट होता. माल वाईट नाही हे तिला कुठेतरी मांडून दाखवायचं होतं.

पारू पळसदरीच्या जयवंताला दिली. तिकडे आंदणाची भांडी मांडली की वरमाय एकेक उचलून बघायची आणि चार बायकांत मान हलवायची. येसूबाई, म्हणजे जयवंताची आई, थोराड बाई. तिने हंडा उचलला, मान हलवली. परात उचलली, मान हलवली. मग घंगाळाला दोन्ही हात घातले, पाय रोवले, श्वास घेतला आणि जोर लावला. घंगाळ वर आलं ते थेट तिच्या हनुवटीला लागलं.

मांडवात हसू फुटलं. येसूबाईने घंगाळ एका हातात धरून सगळ्यांना दाखवलं.

"विहीणबाय, तुमी तर हातानं तोलता म्हनं. हे काय फुंकून दिलंत?"

पळसदरीला घंगाळ गेलं ते सरळ गोठ्यात, म्हशीपुढे.

त्यानंतर शेडमध्ये तराजू खडखडू लागला. अंबूबाई सगळं तराजूत घालायची, अगदी दोन तोट्यासुद्धा. सकाळी माप उचलणं बंद झालं. कोणी तान्हं पोर पुढे केलं तर म्हणायची, "दवाखान्यात काटा हाय, तितं न्या." नामाला वाटलं बायकोला ताप आहे. त्याने कपाळाला हात लावून बघितला. ती म्हणाली, "तुमचा तरी हात बरोबर सांगतो का?"

पुढच्या उन्हाळ्यात कुर्ल्याचा एक शेठ टेंपो घेऊन पितळी तोट्या न्यायला आला. चहा प्यायला मांडवाखाली बसला. मांडवाला टेकवलेली एक सुटी नळी त्याने सहज उचलली. ठेवली. पुन्हा उचलली. अंबूबाई किटली हातात धरून बघत राहिली. त्याचाही हात मध्येच अडकला होता.

शेठ नळी घेऊन शेडमधल्या धार लावायच्या चाकाकडे गेला. चाकावर टेकवताच शेडच्या अंधारात पांढऱ्याशुभ्र ठिणग्यांचा फवारा उडाला. लोखंडाच्या ठिणग्या तांबूस असतात. ह्या चांदण्यासारख्या होत्या.

"बाई," शेठ हळूच म्हणाला, "टिटॅनियमवर तोंडली चढवली तुम्ही?"

"त्ये काय असतंय?"

"विमानात लागते, केमिकलच्या फॅक्टरीत लागते. ॲसिड पण खात नाय त्याला. पितळच्या वर भाव हाय."

"नागूच्या भट्टीत गळलं नाय."

"कसं गळेल? त्याला हवा काढलेली भट्टी पायजे. तिथे गाळून परत नवीन नळी, परत फॅक्टरी. पण एक लोखंडी तुकडा आत गेला तर सगळा माल खराब."

मांडव उतरवला. वेल भुईवर लोळला. नळ्या सोड्याच्या पाण्यात धुतल्या, आणि शेठ एकेक चाकावर लावून बघू लागला, कारण भाऱ्यात पोलादाच्याही नळ्या मिसळल्या होत्या, दिसायला अगदी सख्ख्या बहिणी. उन्हाने तो घामाघूम झाला. अंबूबाईने थोडा वेळ बघितलं, मग पदर खोचला आणि उजवा हात पुढे केला. ही त्यातली. ही नाय. ही त्यातली. शेठने चार वेळा चाकावर खात्री केली. पाचव्या वेळी चाक थांबवून चहा मागितला.

"ह्याला झाकण असेल," तो कप ठेवत म्हणाला.

अंबूबाईला घेऊन टेंपो पळसदरीला पोचला तेव्हा झाकण गोठ्यात होतं आणि म्हैस त्यात तोंड घालून होती. शेठने म्हशीला अदबीने बाजूला केलं, धोतराच्या टोकाने काठ पुसला आणि येसूबाईला म्हणाला, "मावशी, ह्याच्या बदली दोन पितळी घंगाळं देतो. पाहिजे तेवढी जड."

येसूबाई घंगाळाकडे बघत राहिली. मग म्हशीकडे. मग तिने घंगाळ उचलून छातीशी धरलं.

"विहीणबायनी मायेनं दिलेली वस्तू! ती काय इकायची असती? पारू, माजघरात कापडाखाली ठेव जा. आनि तुज्या पान्याला माळ्यावरचं पितळी घंगाळ काढ."

पारू दारात उभी होती. वर्षभर ती ह्याच घंगाळाने म्हशीचं पाणी नेत होती, आणि सासू बघत नसली की स्वतःच्या आंघोळीचंही. पितळेचं नाव ऐकून तिने आईकडे बघितलं.

"पन विहीणबाय," येसूबाई म्हणाली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुमी हातात घेऊन सांगा. माल खरा ना?"

अंबूबाईने घंगाळ तळहातावर घेतलं. डोळे मिटले. जरासं वरखाली केलं. तिच्या हाताने आजवर चूक केली होती, खोटं कधी सांगितलं नव्हतं.

"खरा हाय," ती म्हणाली. "पन ह्याला रोज पानी लागतं. आठ दिस कोरडं रायलं की जड व्हाया लागतं, आनि जड झालं की मोल गेलं. शिवाय एका हाताची सवय होते ह्याला. आता पारूच्या हाताची झालीय."

शेठने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. अंबूबाईने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो नळ्यांच्या दोऱ्या तपासायला टेंपोकडे गेला.

पितळी घंगाळ पुन्हा माळ्यावर चढलं. येसूबाई आल्यागेल्याला हलकं घंगाळ दाखवून सांगायची, "बसा नंतर, पैलं ते उचला!" आणि दर दिवाळीला स्वतः उचलून बघायची. म्हातारपणी तिला ते खरंच जड लागायला लागलं, तेव्हा ती पारूवर ओरडायची, "काल कोरडं ठेवलंस ना गं?"

शेठच्या टेंपोतून नळ्या भट्टीकडे गेल्या त्या गेल्या. काही वर्षांनी दुसऱ्या एका कारखान्याच्या भंगारात तशाच नळ्या निघाल्या. अंबूबाईने एक उचलून तळहातावर खेळवली आणि नामाला हाक मारली, "अवो, ओळखीचं कोन आलंय बगा." खरं की गंमत, ते नामाने विचारलं नाही.

शेवटच्या दिवसांत पारूने तिला पळसदरीला आणलं. बोचक्यात दोन लुगडी होती आणि दोन किलोचं माप. ते उचलवेना, तरी सकाळी त्याच्यावर हात ठेवायची. डॉक्टरने चहा कमी करायला सांगितलं होतं. म्हणून एक दिवस पारूने कप अर्धाच भरला, वर बशी झाकली आणि आईच्या हातावर ठेवला.

अंबूबाईने डोळे मिटले. कप जरासा वरखाली केला.

"अर्धाच दिलास गं पारू," ती म्हणाली. "बशी झाकली म्हनून हाताला कळत नाय व्हय?"