‘इल्ली’ म्हणजे इथं

त्र्याण्णव साली आमची ट्रान्सपोर्ट कंपनी बेंगळूरला आली. कॅम्प येलहंक्याच्या पुढं होता. मी हवालदार. शिक्षण चौथी, तेही मास्तरांनी पुढं ढकललं म्हणून. पण अठरा वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून एक गाडी खड्ड्यात गेली नाही की एक रिपोर्ट चुकला नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. आजही सांगतो. फक्त एक रिपोर्ट वगळून सांगतो. तो कुठला, तेच लिहायला बसलोय.

रोजचं काम ठरलेलं होतं. पाचला उठायचं, साडेपाचला पीटी, साडेसहाला गाड्या गेटवर. संतरी वहीत नोंद करी, त्याला दहा मिनिटं लागत. त्याच वेळेला बस यायची आणि अक्का उतरायची. अक्का म्हणजे गेटसमोर बसणारी भाजीवाली, वय साठीच्या आसपास. बसचा कंडक्टर पालेभाजीची टोपली तिच्या डोक्यावर चढवून द्यायचा. गेटपाशी ती उतरवायला मात्र कुणी नसायचं. अशी भरलेली टोपली एकट्या माणसाला उतरवता येत नाही. ती कुणाची तरी वाट बघत तशीच उभी राहायची.

माझ्या गाडीवर लान्स नाईक सोपान घाडगे होता. अठ्ठावीस वर्षांचा, काटक, बडबड्या. पहिल्याच आठवड्यात त्यानं गाडीतून उडी मारली आणि टोपलीला हात दिला. मग रोजच. अक्कानं त्याला कोथिंबिरीची जुडी द्यायला हात पुढं केला. वर्दीवर असताना फुकट काही घ्यायचं नाही, असं त्यानं सांगितलं. अक्का म्हणाली, मग एक शब्द तरी घे. त्या दिवसापासून रोज एक कानडी शब्द. ह्याची टोपली उतरायची, तिचा शब्द चढायचा.

सुरुवात चुकीनंच झाली. टोपली कुठं ठेवू हे विचारायला सोपाननं जमिनीकडं बोट दाखवून “अक्का, इल्ला?” असं म्हटलं. अक्का कमरेवर हात ठेवून हसली. “इल्ला म्हंजे नाही रे अण्णा. इल्ली म्हंजे इथं. ‘ला’ म्हटलास तर कुणी नाही, ‘ली’ म्हटलास तर मी आहे.”

मला हे पटत नव्हतं. ड्युटी म्हणजे ड्युटी. शिवाय अक्काची भाषाही मला खटकायची. बोलायची मराठी, पण मध्येच “स्वल्प थांब”, मध्येच बरं-बरं म्हणायला “सरी सरी”. एकदा मी गाडीतूनच विचारलं, ही काय मराठी म्हणायची का? तिनं वरसुद्धा बघितलं नाही. म्हणाली, “आमचे लोक साडेतीनशे वर्षांमागं घोड्यावर बसून आले. तू कालच्या रेल्वेनं आलास. मराठी कुणाची जुनी, तूच सांग.” गाडीतले जवान हसले. मी हॉर्न वाजवला.

पुढं पावसाळ्यात एके दिवशी आम्ही होसूर रोडवरून स्टोअरचं सामान घेऊन परतत होतो. तीन गाड्या, बावीस जवान, पुढच्या जीपमध्ये कॅप्टनसाहेब. बोम्मसंद्र्याला लोकांनी रस्त्यात आडवं येऊन थांबवलं. एका कारखान्याच्या गोडाऊनचं छप्पर पाणी साचून खाली बसलं होतं. वेळ एक वाजून दहा मिनिटं. कामगार जेवायच्या सुट्टीत बाहेर होते. मॅनेजर हिंदीत म्हणाला, आत फक्त वॉचमन आहे, गेटची वही बघा.

मी आठ जण घेऊन आत गेलो. कॅप्टनसाहेब गेटवर राहिले. त्यांच्याकडं एक वॉकीटॉकी, माझ्याकडं एक. मागची भिंत बाहेरच्या वस्तीकडं झुकली होती. माणूस निघाला की मशीन लावून भिंत आतल्या बाजूला पाडायची, असा हुकूम होता.

एक पंचेचाळीसला वॉचमन सापडला. पाय मोडलेला, तोंडात सिमेंटची धूळ. त्याला स्ट्रेचरवर घेताना मी विचारलं, “अंदर और कोई है?”

तो कसाबसा म्हणाला, “इल्ली.”

मला त्या वेळी कानडी दीड शब्द येत होता. ‘इल्ला’ म्हणजे नाही, हे अख्ख्या पलटणीला येत होतं. मी बटन दाबलं. “और कोई नहीं. ओव्हर.”

“रॉजर. आदमी बाहर निकालो. मशीन आ रही है.”

सगळे निघाले. सोपान निघाला नाही.

“हवालदारसाहेब, तो ‘इल्ला’ नाही म्हणाला. ‘इल्ली’ म्हणाला.”

“एकच ते.”

“एकच नाही. तो इथं म्हणतोय.”

मी म्हणालो, “तुझ्या भाजीवालीची शाळा इथं नको. चल बाहेर.”

सोपाननं हुकूम मोडला. माझ्या समोर मोडला. स्ट्रेचरपाशी गुडघ्यावर बसला आणि वॉचमनच्या कानाशी हळू विचारलं, “एल्ली?” म्हणजे कुठं. वॉचमननं हात उचलून मागच्या भिंतीखालचा ढीग दाखवला. “इल्ली. हेंडती.”

सोपाननं माझ्याकडं बघितलं. “बायको, साहेब. त्याची बायको आहे तिथं.” हा शब्द अक्कानं त्याला चिडवायला शिकवला होता, कारण त्याचं लग्न जमत नव्हतं.

बाहेर मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. बटनावर बोट ठेवून मी अर्धं मिनिट घालवलं. विचार करत होतो म्हणून नव्हे, चूक कबूल करायची होती म्हणून. अर्धं मिनिट फार मोठं असतं. मग बटन दाबलं.

“मशीन रोको. मेरी गलती है. अंदर औरत है. ओव्हर.”

मग कॅप्टनसाहेब म्हणाले, “रॉजर. मशीन बंद.”

भिंतीला लाकडी बल्ल्यांचे टेकू दिले आणि आम्ही हातानं ढीग उपसला. एक लोखंडी टेबल आडवं झालं होतं, त्याच्या खाली ती होती. नवऱ्याला डबा घेऊन आली होती, म्हणून वहीत तिचं नाव नव्हतं. दोन चाळीसला बाहेर काढली. नाव निंगम्मा. कपाळाला खोक आणि अंगभर धूळ, बाकी धड. स्ट्रेचरवरच्या नवऱ्याला बघून ती काहीतरी रागानं बोलली. मी सोपानला विचारलं, काय म्हणते?

“जेवलास का, विचारतेय,” सोपान म्हणाला.

बावीस जवान धुळीत बसून हसले. मीही हसलो. ड्युटीवर असताना मी हसलो, असं तेव्हा पहिल्यांदा झालं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी स्वतः गाडीतून उतरलो आणि अक्काला सगळं सांगितलं. तिच्या एका शब्दानं एक बाई वाचली, हे तिला काही पटेना. मी तिची थट्टाच करतोय असं तिला वाटलं. म्हणाली, “सरी, सरी. गोष्ट नंतर सांग, आधी टोपली धर. मान मोडली.” मी धरली. फार जड होती. सोपान रोज ती हसत उतरवायचा.

कॅप्टनसाहेबांनी वर रिपोर्ट पाठवला. आत गेलेल्या तुकडीचा प्रमुख मी, म्हणून शाबासकीचा कागद माझ्या नावावर आला. मी सोपानला म्हणालो, साहेबांना जाऊन खरं सांगतो. तो म्हणाला, “राहू द्या. तुमच्या नावावर शोभतंय. माझं काय, मी नुसता ‘ली’ ऐकला.” आणि मी गेलो नाही. साहेबांच्या दारापर्यंत गेलो, परत आलो. ताठ मानेचा माणूस दारापर्यंतच जातो.

पंच्याण्णवच्या हिवाळ्यात कंपनी उत्तरेला गेली. डोंगरातल्या रस्त्यावर रसदेच्या ताफ्यावर हल्ला झाला. सोपाननं जळती गाडी वळवून कडेला नेली, म्हणून मागच्या चार गाड्या सुटल्या. त्यात एक माझी होती. तो उतरू शकला नाही. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं.

पेन्शन झाल्यावर मी बेंगळूरलाच राहिलो. निंगम्मा आणि तिचा नवरा बोम्मसंद्र्याला राहतात. वर्षातून एकदा, सोपानच्या तारखेला, मी तिच्याकडं जातो. तो गेला हे तिला मीच सांगितलं, आणि बोम्मसंद्र्याचं काम माझं नव्हतं, त्याचं होतं, हेही सांगितलं. तोवर ती माझ्याच पाया पडत होती. त्या दिवशी तिनं त्याचं पूर्ण नाव विचारलं. देवापुढं दिवा लावताना रोज घेते.

फक्त ‘घ’ तिला जमत नाही. ती म्हणते, सोपान गाडगे. मी पहिल्या वर्षी तीनदा सुधारून दिलं. गाडगं म्हणजे मडकं, असं समजावलं. ती मान हलवायची आणि पुन्हा गाडगेच म्हणायची. सोपान असता तर पोट धरून हसला असता.

आता मी सुधारत नाही. ती दिवा लावते, नाव घेते, आणि मी मागं सावधानमध्ये उभा राहतो.