डी ड्राइव्ह दिसत नाही

माळ्यावरून संगणक खाली काढला तेव्हा त्याच्या कपाळावर अजून कुंकू होतं. कपाळ म्हणजे पुढची पट्टी, एकेकाळी पांढरी, आता जुन्या दातांसारखी पिवळी. आमच्याकडे खंडेनवमीला पान्हे, पकडी, आईचं शिलाई मशीन आणि स्कूटर यांच्या रांगेत हा संगणकही बसायचा, आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, त्याला झेंडूचं फूल वाहायचे. पुढे लॅपटॉप आला, आम्ही आकुर्डीहून पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये आलो आणि हा म्हातारा माळ्यावर गेला. भंगारात द्यायला अप्पांनी कधी दिला नाही. चालू मशीन टाकायची नसते, एवढंच म्हणायचे.

म्हणायचे, कारण आता ते काही म्हणत नाहीत. कंपनीतल्या पाळ्यांबरोबर लागलेल्या तंबाखूने शेवटी त्यांचा गळा धरला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याखाली श्वासाला एक भोक राहिलं. त्यावर आई जुन्या साडीचे मऊ रुमाल शिवून बांधते. बोलण्यासाठी एक पाटी आणली आहे, लहान मुलांची, लिहून पुसायची. अप्पा तिच्यावर जितकं कमी लिहितात तितकं कमी आमच्या सोसायटीचा वॉचमनही रजिस्टरमध्ये लिहीत नाही. ‘चहा’. ‘पुरे’. ‘पंखा’. हॉस्पिटलातल्या बाईंनी हवा गिळून अन्ननलिकेतून बोलायची एक पद्धत शिकवायला घेतली होती. थोड्याच खेपांनंतर अप्पांनी जाणं सोडलं. वय झालंय, नाही जमत सगळ्यांना, असं त्या बाई मला म्हणाल्या आणि मी तो विषय मिटला असं समजले.

मग मी कुठेतरी वाचलं की माणसाचं जुनं रेकॉर्डिंग दिलं तर मोबाइलमधलं एक अ‍ॅप तोच आवाज तयार करतं. आपण टाइप करायचं, फोन त्या माणसाच्या आवाजात बोलतो. अट एकच, रेकॉर्डिंग स्वच्छ पाहिजे, मागे गडबड नको. आता आमच्याकडे व्हिडिओंना तोटा नाही. पण सगळ्या लग्नांत अप्पा एक तर कॅमेऱ्यामागे, नाही तर बँडच्या शेजारी. फोनवर ते ‘हं’ आणि ‘ठेव’ यापलीकडे गेले नाहीत. मुळातच कमी बोलणारा माणूस, त्याचा आवाज जपून ठेवावा असं कुणाच्या मनात येणार?

एक सीडी मात्र होती. संगणक नवा आला तेव्हा त्याच्याबरोबर एक माइक आला होता. तो चालतो का पाहायला मी अप्पांना समोर बसवलं, पंखा बंद केला, दार लावलं आणि बोला म्हटलं. काय बोलू, म्हणाले. काहीही. तर या माणसाने कॉम्प्रेसर कसा उघडायचा, कसा साफ करायचा आणि परत कसा जोडायचा, हे पहिल्या बोल्टपासून शेवटच्या बोल्टपर्यंत सांगितलं. नव्या पोराला शिकवावं तसं, सावकाश, मध्येमध्ये ‘कळलं का?’ विचारत. ती फाइल मी सीडीवर घातली होती आणि ती सीडी सापडलीही. पण ऑफिसातल्या कुठल्याच मशीनवर ती उघडेना. बाहेरून जोडायचा नवा ड्राइव्ह आणला, त्याच्या लेखी ती कोरीच. आमच्या कंपनीत एक सिस्टिमवाला आहे, संगणकांचं सगळं तोच बघतो. तो म्हणाला, ‘ताई, ही जुन्या पद्धतीनं लिहिलेली, अर्धवट सोडलेली दिसतेय. जिच्यावर लिहिली त्याच मशीनवर उघडली तर उघडेल. नायतर अवघड हाय.’

म्हणून एका शनिवारी संध्याकाळी तो संगणक खाली आला. जेवताना मी अप्पांना सगळं समजावून सांगितलं, अ‍ॅपवर दुसऱ्या कुणाचा तरी तयार केलेला आवाजही ऐकवला. अप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि ताटातली भाजी संपवली. पाटीकडे हात नेला नाही. मला वाटलं, आनंद झालाय. आमच्याकडे आनंद असाच दिसतो.

रविवार एका लग्नात गेला. सोमवारी कामावरून आल्यावर मी बटण दाबलं. घरघर करत संगणक उठला, तारीख चुकीची दाखवली, पण सुरू झाला. माझा जीव भांड्यात पडला. सीडीचा ट्रेही बाहेर आला, सीडी घेतली, हिरवा दिवा लागला. आणि माय कॉम्प्युटर उघडून बघते तर सी आहे, फ्लॉपीचा ए आहे, सीडीचा डी नाही. ड्राइव्ह डोळ्यांसमोर, हाताला लागतोय, ट्रे आत-बाहेर करतोय, आणि संगणक म्हणतोय, असं काही माझ्याकडे नाहीच.

त्यानंतरचे दिवस मला नीट वेगळे आठवत नाहीत. मी महाळुंग्याला एका कंपनीत परचेसला आहे. दिवसभर कुठला पार्ट कुठे अडकलाय हे फोनवर विचारायचं, संध्याकाळी मोशीच्या ट्रॅफिकमध्ये स्वतः अडकायचं, आणि घरी येऊन या खोक्यासमोर बसायचं. सेटिंगमध्ये गेले, ड्राइव्हर काढून परत टाकला. इंटरनेटवर कुणी सांगितलं म्हणून रजिस्ट्रीतल्या दोन ओळी पुसल्या, देव पाण्यात घालून. काही नाही. आतल्या घड्याळाची बॅटरी बदलली. तारीख बरोबर दाखवू लागला, ड्राइव्ह नाहीच. झाकण उघडून रुंद पट्टीसारखी केबल काढली, परत दाबून बसवली, मग जुन्या सामानातली दुसरी लावली. अंगठ्याला पत्रा लागून रक्त आलं. पिंपरीतल्या एका दुकानदाराने फोटो बघून विचारलं, मॅडम, म्युझियमला देताय का? घोडं कुठे पेंड खातंय तेच समजेना.

अप्पा शेजारी खुर्चीत बसून बघत असायचे. पूर्वी साधा मिक्सर बंद पडला तरी ‘सर बाजूला’ म्हणून स्वतः बसणारा माणूस, पण एकदाही हात घातला नाही. मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा. सगळं ज्यांच्यासाठी चाललंय ते सिनेमा बघितल्यासारखे बसणार. एकदा चिडून मी म्हणालेही, ‘काही सुचतंय का तुम्हाला?’ त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘जेव’.

त्यात त्यांच्या पित्ताची भर. रोज सकाळी ते गच्चीवर फिरायला जायचे आणि तिथे मोठमोठ्या ढेकरा देत बसायचे. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलंही, गच्चीवर सकाळी कोण ढेकर देतं, कृपया डॉक्टरांना दाखवा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पित्ताचं औषध आणून मी आईच्या हातात दिलं, उपाशीपोटी द्यायला सांगितलं. आईने बाटली घेतली, माझ्याकडे बघितलं आणि फडताळात ठेवून दिली. ‘बघू,’ म्हणाली.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सिस्टिमवाल्याने माझ्या मोबाइलमधले उघड्या संगणकाचे फोटो मोठे करून पाहिले. ‘ताई, ड्राइव्हच्या मागं जम्पर कुठंय?’

जम्पर म्हणजे काय, हेही त्यानेच सांगितलं. ड्राइव्हच्या पाठीमागे बारीक पिना असतात आणि त्यांतल्या दोन पिनांवर तांदळाएवढं काळं टोपण असतं. हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह एकाच केबलवर असले की थोरला कोण आणि धाकटा कोण हे त्या टोपणावरून ठरतं. ते नसलं की दोघांचा गोंधळ होतो आणि एखादा दिसेनासाच होतो. ‘आपोआप नाय पडत ते,’ तो म्हणाला. ‘कुणीतरी काढलेलं हाय. माझ्या ड्रॉवरात असेल एखादं, उद्या देतो.’

दुसऱ्या दिवशी शनिवार, तो रजेवर गेला. आणि रविवारी सकाळी मी कपडे धुवायला काढले.

अप्पांचे खिसे तपासल्याशिवाय त्यांचा शर्ट मशीनमध्ये टाकायचा नाही, हा आमच्या घरचा जुना नियम आहे. स्क्रू, वॉशर, वायरचे तुकडे, काय वाट्टेल ते निघतं. निळ्या शर्टाच्या वरच्या खिशात बोट घातलं आणि नखाला काहीतरी लागलं. काढून पाहिलं तर तांदळाएवढं काळं टोपण.

मी बादलीशेजारी पाटावर बसून राहिले. ते तिथे कसं आलं याचा मला विचार करावा लागला नाही.

अप्पा चिंचवडच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. मशीन उघडण्याआधी ते पॅनलमधला चिनी मातीचा पांढरा फ्यूज उपसायचे आणि खिशात टाकायचे. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कुणीही घाईचा येऊन चालू करतो आणि आतल्याचा हात जातो. फ्यूज खिशात असला की मशीन मेलेली. मग साहेब येवो, नाही तर साहेबाचा साहेब. त्यांच्या खात्यात नियम होता आणि अप्पा तो घरी सांगायचे, ‘ज्यानं काढला त्यानंच बसवायचा. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई.’ एकदा माल निघत नाही म्हणून सुपरवायझर त्यांच्या डोक्यावर उभा राहून ओरडत होता. अप्पांनी ना उत्तर दिलं, ना घाई केली. खिशावर हात ठेवून काम करत राहिले. भांडणं त्यांना कधी जमलीच नाहीत. नाही म्हणायची त्यांची रीत ही एवढीच होती.

माझ्या डोक्यात आधी संताप गेला. आठवडाभर माझ्या डोक्याला ताप, अंगठा फाटलेला, आणि हे शेजारी बसून बघतायत. रविवारी मी लग्नाला गेल्यावर त्यांनी शांतपणे झाकण उघडलं असणार, टोपण उपसलं असणार, स्क्रू परत आवळले असणार. मग वाटलं, त्यांना नको होतं तर पाटी होती ना. दोन अक्षरं लिहायला काय जात होतं? आणि मग एकदम थकवा आला, इतका की उठवेना. मला तो आवाज हवा होता. त्यांच्या सोयीसाठी हवा, असं मी सगळ्यांना सांगत फिरले, पण खरं तर मला हवा होता. ‘कळलं का?’ असं मला कुणीतरी परत विचारायला हवं होतं.

टोपण आता माझ्या हातात होतं. अप्पा गच्चीवर, आई देवापाशी. पिनांवर बसवायला कितीसा वेळ लागणार. मी संगणकाजवळ गेले, झाकण उघडंच होतं, वाकून ड्राइव्हच्या मागे पाहिलं. पिना दिसत होत्या. तशीच वाकून राहिले आणि काही केल्या मला ते बसवता येईना. लहानपणापासून ऐकलेला नियम, दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई. आत कुणाचा तरी हात असतो म्हणून.

दार वाजलं. अप्पा आले, चपला काढल्या, गळ्याचा रुमाल सारखा केला. मी वाकलेली, संगणक उघडा, हे त्यांनी पाहिलं. मी तळहात पुढे केला. त्यांनी टोपण उचललं आणि क्षणभर चिमटीत धरलं. मला वाटलं, बसवतील. त्यांनी ते अंगातल्या शर्टाच्या खिशात टाकलं आणि वरून हात ठेवला.

‘का पण, अप्पा?’ मी म्हणाले. रडायचं नव्हतं, पण आवाज फुटलाच. टेबलावरची पाटी उचलून मी त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी ती बाजूला सारली. हनुवटी खाली घेतली, पाण्याचा घोट घ्यावा तशी हवा गिळली. आणि गच्चीवरची ती ढेकर आली, खोल, खरखरीत, ओली. तिच्यात अक्षरं होती.

‘काम.’ परत हवा गिळली. ‘चालू.’ कपाळावर घाम आला होता. ‘आय.’

‘हाय’मधला ‘ह’ त्यांना येत नव्हता. आई दारात येऊन उभी होती, हातात निरांजन तसंच. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. पित्ताच्या औषधाची ती बाटली फडताळात अजून सीलबंद आहे, हे मला तेव्हा आठवलं.

तो आवाज अप्पांचा नव्हता. कॉम्प्रेसर उघडणारा, सावकाश, भरदार आवाज त्याच्यात कुठेच नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, ऐकायला तो चांगलाही वाटत नव्हता. मी संगणकाचं बटण बंद केलं, सीडी काढून तिच्या कव्हरमध्ये घातली, झाकण लावून स्क्रू आवळले. अप्पा खुर्चीत बसले. दमले होते.

‘चहा टाकू का?’ आईने विचारलं.

मी सवयीने पाटी पुढे करणार होते, पण थांबले. अप्पांनी हनुवटी खाली घेतली. पहिल्यांदा नुसतीच हवा आली. परत गिळली. आई गॅसजवळ लायटर हातात घेऊन उभी राहिली, मी टेबलाशी, आणि आम्ही दोघी वाट बघत राहिलो.

‘टाक,’ अप्पा म्हणाले.