खडवली: एका चांदीच्या टोकनासाठी

खडवलीला लोक भातसा नदीत डुंबायला जातात. मी गेले ते एका टोकनासाठी.

दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात सरकारी नाणी मिळेनाशी झाली, तेव्हा गावोगावच्या दुकानदारांनी स्वतःच्या नावाची चांदीची टोकनं पाडली. आमचे हे ती जमवतात. मधुमेहाने नजर गेल्यापासून त्यावरची उठावाची अक्षरं अंगठ्याने वाचतात. आता बोटंही बधिर होत चाललीत.

ह्यांचे ऑफिसातले जुने मित्र भोईर यांच्या देवघरात तसंच एक टोकन निघालं. त्यांनी पाठवलेल्या फोटोत दुकानदाराचं नाव स्वच्छ दिसत होतं. मी वाचायला लागले तर हे म्हणाले, "सांगू नकोस. मी वाचीन." मग काय, निघाले.

नौपाड्यातून रिक्षाने ठाणे स्टेशन. दुपारच्या कसारा गाडीत आरामात बसायला मिळतं, तिकीटही फार नाही. खडवलीला शेअर रिक्षा मात्र भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा पाणी जवळ ठेवा.

भोईरवहिनींनी तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. इतकं चविष्ट जेवण मी कित्येक दिवसांत जेवले नव्हते. मग तबकात फूल ठेवून त्यांनी टोकन आणलं.

"काळं ठिक्कर पडलेलं. तुम्ही येनार म्हनून सोनाराकडून मशीनवर पॉलिश करून आनलं!"

लखलखत होतं. अक्षर एकही उरलं नव्हतं. पैसे विचारले तर भोईर रागावलेच, "देवाजवळचं हाय, पैशे कसले?" दोघं इतक्या कौतुकाने बघत होती की मी "किती छान" म्हणाले. परतीच्या गाडीत मात्र रडू आवरलं नाही.

घरी हे हात पुढे करूनच बसले होते. अंगठा फिरवला, टोकन उलटलं, पुन्हा फिरवला.

"गेली. बोटंही गेली."

"अहो, नाही हो! त्यांनी पॉलिश केलंय. मलाही काही दिसत नाहीये त्यावर."

"बरं," म्हणाले. मी समजूत घालतेय असंच त्यांना वाटलं. मी त्यांच्या टोकनांच्या डब्यातलं एक जुनं टोकन त्यांच्या हातात कोंबलं. "हे वाचा बघू."

त्यांनी ते न चाचपताच परत दिलं. "ती सगळी पाठ आहेत मला."

डबा त्यांनी माळ्यावर ठेवायला लावला. फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. नाव त्यांनी विचारलेलं नाही.