मावशी आणि वजनकाटा

मावशी तेल कानाने मोजत. किटलीची तोटी कढईवर एकदा वाकवायची, मोहरी तडतडली की कांदा टाकायचा आणि मान जराशी कलती करून ऐकायचं. कांदा कोरडा वाजला तर आणखी थेंबभर. मनासारखा आवाज आला की ‘बोललं’ म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. अकरा वर्षं आमच्या स्वयंपाकघरात तेलाला चमचा नव्हता आणि कुणाचं काही अडलंही नाही.

मावशी आमच्याकडे स्वयंपाकाला येत. मूळच्या श्रीगोंद्याकडच्या. नवरा नागापूरच्या एमआयडीसीत कामाला लागला म्हणून नगरला आल्या आणि तो गेल्यावर केडगावात त्यांनी चार घरची पोळीभाजी धरली. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो, बायको शाळेत. सकाळी सातला आम्ही दोघं बाहेर पडलो की घर मावशींच्या हवाली. एकदा बायकोचं कानातलं कणकेच्या परातीत सापडलं, तर त्या पुढच्या दोन घरचं काम बुडवून आमच्या ओट्यापाशी बसून राहिल्या. बायको दुपारी परतली तेव्हा तिच्या हातात ते ठेवूनच उठल्या. ‘अहो मावशी, डब्यात ठेवून जायचं,’ असं ती म्हणाली, तर म्हणाल्या, “चार घरच्या किल्ल्या हायेत माज्याकडं, ताई. दुसरं काय हाय?” त्यांचं सगळं त्या किल्ल्यांवर चाललेलं होतं, हे तेव्हाच आमच्या डोक्यात बसायला हवं होतं.

उरलेली भाजीसुद्धा बायकोने स्वतः डब्यात भरून दिली तरच त्या नेत. मी आग्रह केला तर ‘ताईंना येऊ द्या’ म्हणून विषय संपवत. घरातल्या पुरुषमाणसाला ओट्यावरचं काही कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं आणि मी ते रोज खरं करून दाखवत असे.

मग माझ्या छातीत स्टेंट बसली. डॉक्टरांनी सांगितलं, तेल मोजून खा, माणशी दिवसाला तीन चमचे. गणिताच्या मास्तरला मोजायला सांगितल्यावर काय होणार? मी डिजिटल वजनकाटा आणला, मोबाईलवर कॅलरी मोजायचं ॲप घेतलं आणि मावशींना शिकवणी सुरू केली. एक ग्रॅम तेल म्हणजे नऊ कॅलरी. कॅलरी म्हणजे काय, तर अन्नातली ताकद. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग एवडं आजारपन झाल्यावर ताकद कमी कशापायी करता, दादा?” माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांना पटेल असं नव्हतं.

तरी त्यांनी माझं ऐकलं. माझ्या जिवाचा प्रश्न आहे एवढं त्यांना पुरेसं होतं. भाजीला मोजून दोन चमचे, आमटीला एक, आणि गेल्यावर मला कळावं म्हणून चमच्यामागे एक अशा भुईमुगाच्या शेंगा ओट्यावर एका वाटीत काढून ठेवत. संध्याकाळी मी शेंगा मोजून ॲपमध्ये भरायचो. भाजी आधीसारखी होत नव्हती हे खरं, पण मावशींनी तसं कधी बोलून दाखवलं नाही. फक्त मी जेवताना एखाद्या दिवशी त्या घरी असल्या तर माझ्या तोंडाकडे बघत राहत.

पुढे मी तेलाचा स्प्रे आणला. पुण्याच्या मित्राने सांगितलं होतं की यात कॅलरी शून्य. बाटलीवरही ठळक शून्य. मावशींनी कढईत दोनदा फुसफुस केलं, बोट फिरवून बघितलं आणि मला हाक मारली. “दादा, ह्यात काईच न्हाई म्हनता, मग कढई वली कशानं झाली?” मी हसलो. रात्री चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली, तर ते शून्य एका निमिषभराच्या फवाऱ्यापुरतं होतं. आत तेलच होतं. आम्ही कढई भिजेपर्यंत फवारायचो आणि मी ॲपमध्ये शून्य लिहायचो. दुसऱ्या दिवशी कबूल केलं तेव्हा मावशी पदर तोंडाला लावून हसल्या, आणि दुसऱ्या घरी जाऊनही त्यांनी ते सांगितलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण शेंगांचा मेळ बसतो का हे पाहायला मी दर रविवारी तेलाची किटलीच काट्यावर ठेवायला लागलो. शेंगा सांगायच्या त्यापेक्षा आठवड्याला पन्नासएक ग्रॅम तेल जास्त संपायचं. पोळ्यांचं तेल धरूनसुद्धा. हे तेल माझ्या पोटात जातंय या भीतीने मी हैराण झालो. मला दुसरी कसलीही शंका नव्हती. आज हे मी शपथेवर सांगू शकतो, पण त्याचा आता उपयोग नाही.

एका रविवारी माझा कॉलेजातला सहकारी सपत्नीक जेवायला आला होता. मावशी गरम पोळ्या वाढत होत्या. मी मोठ्या तोऱ्यात ॲप दाखवत होतो, आणि सहज हसत बोलून गेलो, “सगळं जुळतं हो, फक्त आठवड्याला एवढं तेल गायब होतं. मावशी, जातं कुठे हो तेल?” पाहुणेही हसले. मावशींच्या हातात पोळी तशीच राहिली. “मला काय ठावं, दादा,” एवढंच म्हणून त्या आत गेल्या. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मी पाहुण्यांना आणखी एक आकडा दाखवला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्यापैकी कुणी घरी असलं की मावशी जाताना आपली कापडी पिशवी ओट्यावर काट्याशेजारी ठेवत, तोंड उघडून. आत चष्म्याचं घर, पानाचा डबा, हातरुमाल. मिनिटभर तशीच ठेवून मग उचलत. मी दोनदा तर ‘मावशी, पिशवी राहिली’ असंही म्हणालो. दोन आठवड्यांनी त्यांनी किल्ली बायकोच्या हातात दिली. “गुडघे दुखत्यात ताई. आता पोराकडं नागापूरला राहते.” बायको रात्री मला म्हणाली, “पिशवी कशाला दाखवत होत्या, कळलं का तुला?” तेव्हा मला कळलं. माझी इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती.

मग पोळ्या बायको करू लागली. तरी तेलाचा फरक तेवढाच. शेवटी एका रविवारी मी तव्याला तेल लावायची चिंधी उचलून काट्यावर ठेवली. तेवढ्याच मापाची कोरडी चिंधी शेजारी ठेवली. पन्नास ग्रॅमचा फरक त्या चिंधीत होता. दर रविवारी रात्री ती केरात जायची आणि सोमवारी नवी निघायची. ते तेल माझ्या पोटात जात नव्हतं आणि आणखी कुठेही जात नव्हतं.

नागापूरला जायला मला चार महिने लागले. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो, कारण काय बोलायचं ते जुळत नव्हतं. मावशींनी ‘या दादा’ म्हणून खुर्ची पुढे केली, सुनेला चहा ठेवायला सांगितला. मी एका दमात सांगून टाकलं की तेल चिंधीत जात होतं, मी वजन करून पाहिलं.

“वजन क्येलं व्हय,” त्या म्हणाल्या. “चिंधी तेल पिती, दादा. मला ठावं हुतं.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलं?”

“तुमी इचारलं कुटं? तुमी हसत हुता.”

चुकलो म्हणालो. पुन्हा या म्हणालो. त्यांनी नुसती मान हलवली. “न्हाई दादा. किटली हातात घेतली की काटा दिसायचा. असा सैपाक अंगी लागत न्हाई.” मग आपणहून विचारलं, “तुमचा तपासनीचा कागद कसा आला?” चांगला आला म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. “मग झालं तर. मोजलं त्ये बरंच केलं.”

सून चहा घेऊन आली. मावशी तिला म्हणाल्या, “ह्ये केडगावचे दादा. अकरा वर्सं हुते मी ह्यांच्याकडं. थेंबभर इकडचं तिकडं न्हाई केलं कदी.” आणि माझ्याकडे वळून थांबल्या. “व्हय ना, दादा?”

“होय, मावशी,” मी म्हणालो. ते ऐकायला तिथे त्या रविवारचे पाहुणे नव्हते, फक्त त्यांची सून होती.